शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर

एल रीनो, ओक्लाहोमा
१२ एप्रिल १९९४

रोवीना,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलंय. दिसत असेल तुला. दिसू दे.

तुझं चार पानी पत्र मिळालं. साडेतीन पानं अमॅरिलोची हवा, डेलचा रक्तदाब आणि आईच्या खोलीला लावलेले पिवळे पडदे. शेवटच्या अर्ध्या पानात खरं काम. आई धड जेवत नाही, सारखी कांद्याचा बर्गर मागते, तू करतेस तो तोंडाला लावत नाही, तर नेल्डा, तू घरी कसा करतेस ते जरा सविस्तर लिहून पाठव.

धन्य आहे तुझी. खांद्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दवाखान्यात राहायचं होतं म्हणून मी तुला बोलावलं. सख्खी बहीण आहे, आईजवळ चार दिवस राहील, एवढंच मनात होतं. पाचव्या दिवशी शेजारच्या टिडवेलांनी मला शहरातून आणून सोडलं, उजवा हात गळ्यात बांधलेला, तर घराला कुलूप. किल्ली पायपुसण्याखाली आणि फ्रिजवर चिठ्ठी: 'आईला घेऊन जातेय, यातच सगळ्यांचं भलं आहे.' त्या 'सगळ्यां'त मला धरलं होतंस का, हे कधीतरी सांग. तीन वर्षं मी तिला न्हाऊ घातलं, तिची नखं कापली, आणि तू चार दिवसांत गाडीत घालून नेलीस. केसानं गळा कापणं म्हणतात ते असंच असणार.

कोट नेलास, औषधं नेलीस, तिची उशीसुद्धा नेलीस. दात मात्र बशीत विसरलीस. ते मी एका हातानं पार्सल बांधून दुसऱ्याच दिवशी पोस्टात टाकले. हे डेलला सांगितलं नसशीलच.

आणि आईच्या हाताच्या भाजलेल्या तळव्याचं पुन्हा उकरून काढू नकोस. केटलीनं भाजलं हे तुला फेब्रुवारीतच सांगितलंय. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला भाजतं कधीकधी. तेवढ्यावरून मला तिला सांभाळता येत नाही असं ठरवायला तू कोण? वर्षातून दोनदा केक घेऊन यायचं आणि एरवी उंटावरून शेळ्या हाकायच्या, हे तुला बरं जमतं.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी तोंडाला येईल ते बोलते. कागदावर निदान दोघींना शेवटपर्यंत बोलता येतं.

बर्गरचं बघते.

नेल्डा


१९ एप्रिल

रोवीना,

आईसाठी लिहितेय. तुझ्यासाठी नाही.

तू केलेल्याचं वर्णन वाचून मला हसू आलं. जाड वडी थापलीस, आधी कांदा वेगळा परतलास, वर लेट्यूस ठेवलंस. असलं आईला द्यायचं म्हणजे तिचा अपमान आहे. रेल्वे स्टेशनसमोर अकरा स्टुलांच्या काउंटरवर अडतीस वर्षं तिनं हे बनवलं. लेट्यूस मागणाऱ्याला ती म्हणायची, "सशांचं दुकान पलीकडच्या गल्लीत आहे."

तर नीट वाच. बीफचा खिमा चरबीवाला घे. डेलच्या रक्तदाबासाठी तू जो कोरडा आणतेस, तो नको. मुठीत मावेल एवढा गोळा कर आणि दाबू नकोस, नुसता गोळा. पिवळा कांदा. जेवढा खिमा तेवढाच कांदा, थोडा जास्तच. तिच्या आईनं मंदीच्या काळात मांस पुरवायला कांदा घातला, पुढे मांस स्वस्त झालं तरी कुणी कांदा कमी केला नाही. कांदा इतका पातळ काप की चकतीतून सुरी दिसली पाहिजे. मीठ चोळून पिळू नकोस, त्याचं पाणी मांसात जायला हवं.

बिडाचा तवा घे. नसेल तर विकत आण, तुझी ती निळी न चिकटणारी तवी फेकून दे. तवा धूर सुटेपर्यंत तापव. गोळा ठेव, वर कांद्याचा ढीग घाल, आणि आता जोर लावून दाब. कालथ्यानं जमणार नाही. आईकडे गवंड्याची थापी होती, तीच मी वापरते. तुला लोखंडवाल्याकडे मिळेल. कांदा मांसात रुतला पाहिजे आणि कडा जाळीसारख्या फाटल्या पाहिजेत. मीठ वरून. मग हलवू नकोस. तुला धीर कधीच नव्हता, पण इथे धर. कडा तपकिरी झाल्या की थापी तव्याला घासून, चिकटलेलं सगळं खरवडून, एका झटक्यात उलट. आता कांदा खाली आला. तो चरबीत शिजतो, थोडा करपतो, करपू दे. लगेच वर पावाचा खालचा भाग ठेव, त्यावर वरचा. वाफेनं पाव मऊ पडतो. मग मस्टर्ड आणि लोणच्याच्या काकडीच्या तीन चकत्या. संपलं. मेणकागदावर दे. बशी नको.

घराला तीन दिवस वास राहील. पिवळ्या पडद्यांना सहा दिवस.

मी डाव्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय. खांदा बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

नेल्डा


२८ एप्रिल

रोवीना,

म्हणजे जमलं तुला. तू थापी आणलीस, तवा आणलास, वास सुटल्याबरोबर आई खोलीतून आपणहून उठून आली, कमरेला पुसणं खोचलं आणि हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली असं लिहिलंयस. वाचून मला बरं वाटलं हे कबूल करते.

पण खाल्लं नाही. टेबलाशी बसवलंस, समोर बर्गर ठेवलास, तर तिनं तो डेलपुढे सरकवला. "घ्या, गरम आहे तोवर खा." दुसरा केलास, तो तुझ्यापुढे सरकवला. तिसरा पुन्हा डेलपुढे. आठवडाभर हेच चाललंय, आई नऊ पौंड उतरली आणि डेल चार पौंड वाढला. त्याला सांग, आयतं मिळतंय तोवर हाण.

तू विचारतेस, कुठे चुकतेय. तू लिहिलंयस त्याप्रमाणे बर्गरमध्ये काही चूक नाही. चूक दुसरीकडे आहे आणि ती मला माहीत आहे. ती मी मागच्या पत्रात लिहिली नाही. मुद्दाम लिहिली नाही.

आता सरळ बोलते. आईला आणून सोड. तुझ्याकडे गाडी आहे, साडेतीन तासांचा सरळ रस्ता आहे. तिला माझ्या स्वयंपाकघरात आण, त्याच संध्याकाळी ती तुझ्या देखत दोन बर्गर खाईल, हे मी लिहून देते. नाहीतर शोध तुझं तू. तू मला न विचारता माझं माणूस उचलून नेलंस, मग मी माझ्याकडचं एक गुपित राखलं तर तुला झोंबायचं कारण नाही.

आणि ती खुशीनं आली असं मला लिहू नकोस. टिडवेलांनी त्यांच्या खिडकीतून सगळं पाहिलंय. आई दारात अडून बसली होती आणि तू तिला दंड धरून गाडीत कोंबलंस, असं त्यांनी मला सांगितलं.

आणून सोड, रोवीना. मग सांगते.

नेल्डा


७ मे, शनिवार

रोवीना,

टिडवेलांचा भाऊ ट्रक घेऊन आज तुमच्या बाजूला निघालाय. हे पत्र तो तुझ्या हातात देईल. त्याला दारात उभं करू नकोस, कॉफी दे.

काल फोनवर डेलशी बोलले. आईला दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, परवा घरी पाठवलं आणि आठ दिवसांत खायला लागली नाही तर नळी घालायची म्हणतात, एवढं त्यानं सांगितलं. तुला बोलाव म्हटलं तर म्हणाला, "ती फोनवर येणार नाही. ती म्हणते, तुम्ही आईच्या पोटावर सौदा केलात." मी त्यालाच सांगायला लागले, तर तो म्हणाला, "नेल्डाताई, आता तुमचं काही ऐकायचं नाही असं ठरलंय," आणि फोन ठेवला. डेलसारखा गरीब माणूस माझ्यावर फोन आपटतो म्हणजे मी काय केलं असेल ते मला कळलं. मी स्वतः आले असते, पण गाडी चालवायला अजून परवानगी नाही.

आज गावात दरवर्षीचा बर्गरचा दिवस आहे. मुख्य रस्त्यावर सकाळपासून कांदा भाजतायत, माझ्या खिडकीपर्यंत वास येतोय, लोक रांगा लावून खातायत. आणि माझी आई उपाशी आहे, माझ्यामुळे.

आता ऐक. आई काउंटरवर कधी गिऱ्हाइकांसमोर जेवली नाही. स्टेशनसमोरच्या कुठल्याच काउंटरवर तशी पद्धत नव्हती. भाजणाऱ्यानं गिऱ्हाइकासमोर तोंड हलवायचं नाही. शेवटचं गिऱ्हाईक उठून गेलं, दार लागलं, काउंटर पुसला, की मग तव्याशी उभं राहून, मेणकागद हातात धरून, भिंतीकडे तोंड करून खायचं. तुला हे माहीत असायचं कारण नाही. मी बारा वर्षांची असल्यापासून कांदे कापायला उभी होते. तू धाकटी, तुझ्या केसांना वास लागायला नको म्हणून तुला मावशीकडे ठेवायचे. तुला घरी आणलेला बर्गर मिळायचा. मिळेना का. आज त्याचा राग नाही, निदान आज नाही.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ती अशीच दोन दिवस जेवली नव्हती. मी माझा बर्गर संपवला आणि वाऱ्यानं फाटक आपटत होतं ते लावायला मागच्या दारानं बाहेर गेले. परत आले तर आई ओट्याशी उभी राहून भराभर खात होती. मला बघितलं, हातातला घास खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "बसा ना. काय देऊ?"

तेव्हा मला कळलं की तिच्या लेखी मी गिऱ्हाईक आहे. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी माझ्याच घरात गिऱ्हाईक झाले. ती विचारायची, "काय देऊ?" मी म्हणायचे, "एक द्या, कांदा सढळ." थापीवर तिचा हात, तिच्या हातावर माझा, असं आम्ही दाबायचो. मी खायचे, "छान होता हं," म्हणायचे आणि मागच्या दारानं निघून जायचे. पायरीवर दहा मिनिटं बसायचे. ती तेवढ्यात जेवायची. मी निघताना ती म्हणायची, "या पुन्हा. सांभाळून जा, वारा आहे." रोवीना, तीन वर्षं तिनं मला नेल्डा म्हणून एकदाही हाक मारली नाही.

म्हणून हे तुला सांगितलं नव्हतं. पण एवढंच कारण नाही. आता दुसरं सांगते, आणि मग तू मला हवं ते म्हण.

तिचा तळवा केटलीनं भाजला नाही. फेब्रुवारीत मी अशीच बाहेर पायरीवर होते. मी सिगरेट सोडलीय असं सगळ्यांना सांगते. सोडलेली नाही. एक संपली होती, दुसरी पेटवली. दिवसभरात ती दहा मिनिटंच माझी असायची, त्या दिवशी मी वीस घेतली. गॅस बंद केला नव्हता, तवा शेगडीवर तसाच होता. तिनं खाल्लं आणि काउंटरवर पुसायची तसा तवा पुसायला गेली. हातात फडकं नव्हतं. तळव्यानंच पुसला. ती ओरडली असती तर मी धावले असते, पण ती ओरडली नाही. मी आत आले तेव्हा ती हात पोटाशी धरून उभी होती आणि मला म्हणाली, "बंद झालंय आता. उद्या या."

मी तुझ्याशी खोटं बोलले, डॉक्टरांशी खोटं बोलले. तुला खरं सांगितलं असतं तर तू तिला तेव्हाच नेलं असतंस. तू शेवटी नेलंसच. मला न सांगता, मी बेशुद्ध पडलेली असताना नेलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण का नेलंस ते मला माहीत नव्हतं, असं मात्र मी म्हणू शकत नाही.

आणि टिडवेलांनी तसलं काही सांगितलं नाही. तेही मी रचलं. त्यांनी सांगितलं ते असं की आई पर्स काखेत मारून स्वतः चालत गाडीपर्यंत गेली, मागे वळून त्यांना हात केला आणि म्हणाली, "माझी रोवीना आलीय. मी चालले तिच्याबरोबर." तुझं नाव तिला येतं. हे मला खांद्यापेक्षा जास्त दुखलं. तू गळा कापलास तो कापलास, पण तिनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही माझ्या खिडकीकडे.

असो. आता काय करायचं ते लिहिते, तसंच कर.

टेबल नको. तिला ओट्याशी उभी राहू दे, कमरेला पुसणं असू दे. तू आणि डेल समोर स्टुलावर बसा. ती काय देऊ म्हणाली की मागा. तिला आई म्हणू नकोस, गिऱ्हाइकं म्हणायची तसं 'फर्नबाई' म्हण. दाबताना तिच्या हातावर हात ठेव, जोर तुझा लाव. तुमचे दोन होतील, तिसरा करून मेणकागदावर तव्याशेजारी ठेव आणि त्याबद्दल बोलू नकोस. मग गॅस बंद कर. तवा उचलून सिंकमध्ये ठेव आणि वर गार पाणी सोड. मी हे केलं नव्हतं, तू रोज कर, एक दिवस चुकवू नकोस. मग खा, चांगलं झालं म्हण आणि दोघंही बाहेर जा. दार ओढून घ्या, कडी लावू नका. दहा मिनिटं. खिडकीतून डोकावू नकोस, तिला कळतं. कान मात्र आत ठेव.

पहिले काही दिवस तुला रडू येईल. तुझी आई तुला ओळखते आणि तरी तिनं जेवावं म्हणून तुला परकं व्हायचंय. मला ते सोपं होतं, मी तिला तशीही परकीच होते.

हे सांगून टाकल्यावर माझ्या हातात काही उरलं नाही हे मला कळतंय. तुला आता माझी गरज नाही आणि तिला तू आणून सोडणार नाहीस. आज मी ते मागत नाही.

ती जेवली तर कळव. एक शब्द लिहिलास तरी चालेल.

नेल्डा


१६ मे

रोवीना,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. 'जेवली. दीड.' त्याखाली काही नाही, सहीसुद्धा नाही. मीच एक शब्द मागितला होता आणि तू दोन दिलेस, तेव्हा तक्रार करता येत नाही. कार्ड फ्रिजवर लावलंय, तुझ्या चिठ्ठीच्या जागी. चिठ्ठी फाडली नाही. खणात ठेवलीय.

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. तूही मला करू नकोस एवढ्यात. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली की मी येईन. विचारत नाही, सांगतेय. मी आत येऊन आईला मिठी मारणार नाही की रडारड करणार नाही. स्टुलावर बसेन, एक बर्गर मागेन, खाईन आणि उठून जाईन. तिला एक गिऱ्हाईक जास्त मिळालं तर आवडेलच.

काल खांद्याचा पट्टा काढला. संध्याकाळी महिन्यानंतर पहिल्यांदा तवा चढवला. डाव्या हातानं बर्गर दाबला, कडा हव्या तशा फाटल्या नाहीत, तरी बरा झाला. टेबलाशी बसून खाल्ला. गॅस बंद केला, तवा सिंकमध्ये ठेवला, वर पाणी सोडलं आणि मागच्या दारानं बाहेर जाऊन पायरीवर बसले. सिगरेट पेटवली. ती अर्धी झाल्यावर लक्षात आलं की आत कोणी नाही.

तरी दहा मिनिटं पुरी केली, आणि मगच आत गेले.

नेल्डा